नळ्या जोडल्यानंतरचं बाळंतपण: सिझर नळ्यांमुळे की जुन्या टाक्यांमुळे?

शेवंती_०७

बहिणीसाठी विचारते आहे. वय ३४. दोन सिझर झालेली, २०१४ आणि २०१७. दुसऱ्या सिझरच्या वेळीच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन केलं होतं. २०२३ मध्ये पोट उघडून गर्भनळ्या परत जोडून घेतल्या (कारण इथे लिहीत नाही). आता ३० आठवडे पूर्ण आहेत. दवाखान्यात सांगितलंय की ३८व्या आठवड्यात तारीख ठरवून सिझर करू.

घरात दोन मतं आहेत. सासूबाईंचं म्हणणं, नळ्या जोडल्या म्हणून सिझर करावं लागतंय, कळा आल्या तर जोड सुटेल. दुसरं मत असं की डॉक्टर उगीच कापतात. खरं काय? तारीख ३८ की ३९? मुहूर्त बघायचा म्हणतात, किती मागेपुढे चालतं? आणि त्याच ऑपरेशनमध्ये नळ्या पुन्हा बांधता येतात का, की एकदा जोडलेल्या नळीला परत हात लावत नाहीत?

नळ्या जोडल्याच्या डिस्चार्ज कार्डावर आहे: दोन्ही बाजू जोडल्या, इस्थमो-इस्थमिक, उजवी ६ सेमी, डावी ४.५ सेमी, डाय (नळी उघडी आहे का बघायचा रंग) दोन्हीकडून आला. एचबी ९.६. बाकी रिपोर्ट नॉर्मल. २२व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) पुढच्या बाजूला असून खालची कड गर्भपिशवीच्या तोंडापासून १.४ सेमी आहे, असंही लिहिलंय.

---

ओपीडी_नंतर

तुम्ही सगळ्यात महत्त्वाची ओळ सगळ्यात शेवटी लिहिलीत. नळ्यांचं नंतर बोलू, आधी वार.

दोन सिझर झालेली बाई आणि वार पुढच्या भिंतीवर, तीही खाली. म्हणजे वार जुन्या सिझरच्या व्रणावर बसली असण्याची शक्यता आहे. व्रणाच्या जागी पिशवीचं आतलं अस्तर धड नसतं, म्हणून वारेची मुळं थेट स्नायूत घुसू शकतात. याला ॲक्रीटा म्हणतात. बाळ निघाल्यावर अशी वार सुटत नाही आणि ओढली तर रक्त थांबत नाही. दोन सिझरनंतर वार तोंडावर आलेली असेल तर ॲक्रीटाचं प्रमाण सुमारे ४० टक्के धरलं जातं. एका सिझरनंतर तेच ११ टक्क्यांच्या आसपास असतं.

लगेच घाबरू नका. तिची वार तोंडावर नाही, जवळ आहे. तोंडापासून २ सेमीच्या आत असेल तर तिला खाली असलेली वार म्हणतात. पिशवीचा खालचा भाग शेवटच्या तीन महिन्यांत ताणला जातो आणि बहुतेकींमध्ये ही कड आपोआप वर सरकते. पण दोन सिझर असताना 'सरकेलच' असं धरून चालत नाहीत, बघून घेतात.

३२व्या आठवड्यात परत सोनोग्राफी, आणि ती आतून. पोटावरून केलेल्या तपासणीत भरलेली लघवीची पिशवी आणि बाळाचं डोकं मध्ये येतं, त्यामुळे अंतर चुकतं. आतून केल्यास रक्तस्राव सुरू होतो हा गैरसमज आहे, प्रोब तोंडापर्यंत जात नाही. बोटांनी आतून तपासणी मात्र वारेची जागा कळेपर्यंत कुणी करू नये. अचानक रक्त गेलं, दुखत नसलं तरी, तासभर वाट पाहत बसू नका.

तपासणाऱ्यांना स्पष्ट सांगा: दोन सिझर झाले आहेत, ॲक्रीटासाठी बघा. ते चार गोष्टी शोधतात: वार आणि स्नायू यांच्यातली काळी रेघ टिकून आहे का, व्रणाच्या जागी स्नायू १ मिमीपेक्षा पातळ झालाय का, वारेत वेडीवाकडी रक्ताची तळी आहेत का, आणि लघवीच्या पिशवीच्या भिंतीकडे रक्तवाहिन्या आडव्या धावतायत का. साध्या 'वाढीच्या सोनोग्राफी'त हे बघितलं जाईलच असं नाही.

---

नळी_ते_नाळ

वरच्या उत्तराला शंभर टक्के दुजोरा. मी नळ्यांच्या प्रश्नाकडे वळतो.

नळ्या जोडणं हे सिझरचं कारण नाही. नळी गर्भपिशवीच्या वरच्या कोपऱ्याला बाहेरून लागलेली असते. कळांचा जोर असतो पिशवीच्या स्नायूला, आणि बाळ उतरतं खालच्या तोंडातून. नळीच्या जोडावर त्या जोराचा भार येतच नाही. जोड ८-० सारख्या, केसाहून बारीक धाग्याने घेतलेला असला तरी काही आठवड्यांत तो भरून आलेला असतो. सासूबाईंना सांगा, जोड सुटायचा असता तर नऊ महिन्यांत पिशवी पेरूएवढीची कलिंगडाएवढी झाली तेव्हाच सुटला असता.

बहिणीचं सिझर होतंय ते आधीच्या दोन सिझरमुळे. 'उगीच कापतात' हेही इथे लागू नाही. पिशवी दोनदा कापलेली असताना कळा देऊन बघणं काही निवडक ठिकाणी करतात, पण व्रण फाटण्याचा धोका एका सिझरनंतर साधारण २०० त १ असतो, तो दोननंतर वाढतो. त्यातून वारेचा प्रश्न असताना तो विषयच नको.

याला एक अपवाद आहे. नळी पिशवीला अगदी चिकटून कापली गेली असेल, बाहेर तुकडाच उरला नसेल, तर पिशवीच्या कोपऱ्यातला स्नायू कोरून त्यात नळी बसवतात. कागदावर 'युटेरोट्यूबल इम्प्लांटेशन' असं असतं. तिथे स्नायूच्या पूर्ण जाडीला छेद गेलेला असतो आणि कळांमध्ये तो कोपरा फाटू शकतो. अशा बाईला कळा येऊच द्यायच्या नाहीत, साधारण ३७ ते ३८ आठवड्यांत सिझर. तुमच्या कार्डावर इस्थमो-इस्थमिक आहे, म्हणजे नळीच्याच अरुंद भागाचा एक तुकडा दुसऱ्याला जोडलाय. हा जोड सगळ्यात चांगला, दोन्ही टोकांचं भोक सारख्या मापाचं असतं. ६ आणि ४.५ सेमी लांबीही चांगली. ४ सेमीच्या खाली गेली की गर्भ राहण्याची शक्यता बरीच घटते.

कार्ड पुरेसं नाही, ऑपरेशन नोट मागून घ्या. तीत बघायचं: पोट कुठल्या छेदातून उघडलं, आतडी किंवा चरबीचा पडदा कुठे चिकटलेला होता, लघवीची पिशवी वर ओढली गेली होती का. सिझर करणाऱ्याला याचा खरा उपयोग आहे. हिशोब असा आहे की गर्भपिशवी तिसऱ्यांदा उघडणार, पण पोट चौथ्यांदा. डॉक्टर 'तिसरं सिझर' म्हणून तासाभराची वेळ राखून ठेवतात आणि आत गेल्यावर चिकटलेलं सोडवण्यातच तेवढा वेळ जातो.

---

मंदाकाकू

आमच्या ओळखीत एकीला आधीची दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, नंतर बिनटाक्याचं ऑपरेशन, मग नळ्या जोडल्या. तिलाही सिझरच सांगितलंय. 'मौल्यवान बाळ' आहे म्हणे.

---

नळी_ते_नाळ

काकू, तिच्या पिशवीवर एकही छेद नसेल, इम्प्लांटेशन नसेल, बाळाचं डोकं खाली असेल आणि वार वर असेल, तर नॉर्मल बाळंतपणाला नळ्यांची आडकाठी नाही. आधी दोनदा नॉर्मल झालेली बाई ही तर सगळ्यात सोपी केस. 'मौल्यवान बाळ' हे वैद्यकीय कारण नव्हे, ती भीती आहे. डॉक्टरांना सरळ विचारायचं, नळ्या सोडून दुसरं कारण काय? वय, साखर, रक्तदाब, बाळाची वाढ यातलं काही असेल तर ते सांगतील. आणि सगळं समजून तिला स्वतःला सिझरच हवं असेल तर तो तिचा निर्णय, पण मग कारणाच्या जागी नळ्यांचं नाव लावू नये.

बिनटाक्याच्या ऑपरेशनात नळीवर रबरी रिंग बसवतात. नळीचा साधारण २ ते ३ सेमी भाग तिने मरतो, बाकी नळी शाबूत राहते. म्हणून रिंगवाल्या बायकांच्या नळ्या जोडायला बऱ्या पडतात. विजेने जाळलेल्या नळीत जोडण्याजोगं बरंच कमी उरतं.

---

शेवंती_०७

३२व्या आठवड्याची आतून सोनोग्राफी झाली. कड आता तोंडापासून ३.१ सेमी वर. रिपोर्टात 'क्लिअर झोन टिकून, ॲक्रीटाची लक्षणे नाहीत' असं लिहिलंय (क्लिअर झोन म्हणजे ती काळी रेघ). व्रणाच्या जागी स्नायू २.८ मिमी. एचबी अजून ९.८ च. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पण मळमळ होते म्हणून एक दिवसाआड घेते.

---

ओपीडी_नंतर

छान. वारेचा मोठा काटा निघाला. कड ३ सेमी वर असली तरी वार पुढच्या भिंतीवर आहेच, म्हणून हा रिपोर्ट फाइलच्या वरच ठेवा. पिशवीला छेद कुठे द्यायचा हे ठरवायला लागतो.

आता एचबी. ९.८ घेऊन टेबलावर जाणं बरं नाही. सिझरमध्ये अर्धा ते एक लिटर रक्त जाणं धरलेलंच असतं, आणि चौथ्यांदा उघडलेल्या पोटात वरच्या आकड्याच्या बाजूला. ३२ आठवड्यांना वेळ आहे. शिरेतून लोह विचारा. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज १००० मिग्रॅ २५० मिलि सलाइनमध्ये, १५ ते २० मिनिटांत जातं, नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. एचबी वर यायला २ ते ४ आठवडे लागतात, म्हणून हे ३४ च्या आधी व्हायला हवं. ३७व्या आठवड्यात दिलं तर ऑपरेशनच्या दिवशी त्याचा फारसा उपयोग नसतो. गोळीच चालू ठेवायची तर दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. घरोघरी दोन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकतात आणि मग 'लोह लागू पडत नाही' म्हणतात.

तारीख: काही गुंतागुंत नसेल तर ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर. आधी काढलेल्या बाळाला धाप लागते, फुप्फुसातलं पाणी कळांमुळे आटतं आणि ठरवलेल्या सिझरमध्ये कळाच नसतात. ३८ ला निघालेली काही बाळं काचेत एक-दोन दिवस काढतात ती यामुळे. पण दोन सिझरनंतर काही डॉक्टर ३८ पूर्ण झाल्यावर घेतात, कारण ३९ ची वाट पाहताना मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर घाईत उघडावं लागतं. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. घर दवाखान्यापासून दोन तासांवर असेल तर मीही ३८ अधिक ३-४ दिवसांकडे झुकेन. घर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर असेल तर ३९.

मुहूर्ताचं म्हणाल तर ३९ नंतरच्या आठवड्यात बघा की, कोण नको म्हणतंय? ३७व्या आठवड्यातला गुरुपुष्यामृत मात्र बाळाला महागात पडतो. आणि पहाटे पावणेचारचा मुहूर्त मागू नका. त्या वेळी रक्तपेढीत माणूस कमी, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) माणसं झोपेतली.

आठवडे कुठून मोजायचे हेही पक्कं करा. नळ्या जोडलेल्या बाईला गर्भ नळीतच राहण्याचा धोका असतो, म्हणून पाळी चुकल्यावर ६व्या-७व्या आठवड्यात गर्भ पिशवीतच आहे ना हे बघायला सोनोग्राफी केलेली असणार. तीच शोधून काढा. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख सगळ्यात विश्वासाची, शेवटच्या महिन्यातल्या रिपोर्टावरची 'ईडीडी' (बाळंतपणाची अंदाजे तारीख) नव्हे. तिच्यात दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो. नळीतल्या गर्भाच्या भीतीने केलेली तपासणी बाळंतपणाच्या तारखेला अशी उपयोगी पडते.

---

पाठीतली_सुई

भुलेच्या बाजूने.

पाठीत इंजेक्शन देऊनच करतात, पण चौथ्यांदा पोट उघडणार हे भूलतज्ज्ञाला आधी कळवा. ऐन वेळी टेबलावर सांगण्याची गोष्ट नाही ही. एकदा दिलेली भूल साधारण दीड ते दोन तास पुरते. चिकटलेलं सोडवायला आणि नळ्यांचं काम करायला वेळ लागणार असेल तर पाठीत बारीक नळीही ठेवतात, औषध वाढवता येतं. ती सोय नसेल आणि भूल उतरायला लागली तर पूर्ण भूल द्यावी लागते, ती गरोदर बाईत टाळलेली बरी.

उपास: जड जेवण ८ तास आधी बंद, हलकं ६ तास आधी. साधं पाणी, नारळपाणी, गाळलेला रस २ तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो अन्नात मोडतो. 'फक्त अर्धा कप घेतला' म्हणून ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं ते यामुळेच. उलट दुपारी २ च्या ऑपरेशनसाठी रात्री ८ पासून पाणीही तोंडात न घातलेली बाई येते. रक्तदाब आधीच खाली, शीर सापडत नाही.

थायरॉइडची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असेल तर रोजच्या प्रतिबंधक डोसनंतर १२ तास जाईपर्यंत पाठीत सुई घालत नाहीत. शेवटचं इंजेक्शन किती वाजता दिलं ते कागदावर लिहून आणा.

बोटांना मेंदी किंवा नेलपॉलिश नको, ऑक्सिजन मोजायचा चिमटा चुकीचं दाखवू शकतो. डोहाळजेवणाची मेंदी रंगलेली असते, निदान एका हाताची दोन बोटं कोरी ठेवा. काचेच्या बांगड्या काढाव्या लागतात, कारण सलाइनची सुई मनगटाजवळच बसते. मंगळसूत्र, जोडवी, नथ हे धातूचं घरीच काढून ठेवा, विजेचं उपकरण वापरतात. ओटीच्या दारात जोडवी निघत नाहीत, साबण शोधत फिरावं लागतं.

सुई बसल्यावर पाय गरम आणि जड होतात. मग थंड कापूस छातीपर्यंत लावत भूल कुठवर चढली ते बघतात. स्पर्श कळतो, ओढल्यासारखं कळतं, कापल्याचं दुखत नाही. रक्तदाब पडला की पहिली खूण मळमळ. ती आली की लगेच बोला, औषध हाताशी असतं. उजवीकडे थोडी उशी देऊन टेबल डावीकडे कललेलं ठेवतात, नाहीतर पोटाचा भार मोठ्या शिरेवर येतो.

---

वॉर्ड_सिस्टर

रक्ताचं कुणी बोललं नाही. रक्ताच्या दोन पिशव्या क्रॉसमॅच करून (तिच्या रक्ताशी जुळवून) राखून ठेवा. 'रक्तपेढी जवळच आहे' हे उत्तर चालत नाही, पिशवी तिच्या नावाची हवी. क्रॉसमॅचचा नमुना फार आधी देऊन उपयोग नाही, साधारण तीन दिवसांच्या आतला लागतो.

सरकारी दवाखान्यात असेल तर जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, ७ दिवसांचं जेवण आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे. कितवं बाळंतपण आहे यावर ते ठरत नाही. बाहेरून औषध आणा म्हणाले तर विचारा.

घरून पोटाखालचे केस ब्लेडने काढून येऊ नका. बारीक चिरा पडतात, त्यात जंतू वाढतात. गरज असेल तर इथे मशीनने कापतात. आदल्या रात्री आणि सकाळी साबणाने आंघोळ पुरे.

प्रतिजैविकाचं इंजेक्शन, बहुतेक सेफाझोलिन २ ग्रॅम, छेद देण्याआधी तासाभरात जातं. पूर्वी नाळ कापल्यावर देत, आता छेदाआधी. नंतर 'पाच दिवस अँटिबायोटिक' बहुतेकींना लागत नाही, पण लिहून देतात.

ऑपरेशननंतर: लघवीची नळी साधारण १२ तासांनी काढतात. लघवीची पिशवी चिकटलेली होती आणि सोडवताना तिला इजा झाली तर नळी ७ ते १४ दिवस राहते. ती घाईने काढा म्हणून भांडू नका. पहिल्या दिवशी लघवी गुलाबी दिसली तर सांगा. पाण्याचा घोट २ तासांनी, हलकं खाणं ४-६ तासांनी. 'वायू सरल्याशिवाय काही नाही' हा जुना नियम. मात्र आतडी बरीच सोडवावी लागली असतील तर सर्जन वेगळं सांगतील, ते ऐका. पोट टम्म फुगलं, उलट्या हिरव्या झाल्या, वायूच नाही, हे साधं गॅसचं दुखणं नव्हे.

६ ते ८ तासांनी उठवायचं. सरळ बसायचा प्रयत्न केला की टाक्यांवर ताण येतो. आधी कुशीवर वळायचं, गुडघे वर, खालच्या कोपरावर जोर देऊन पाय खाली सोडायचे, दोन मिनिटं तसंच बसायचं, मग उभं राहायचं. पोटऱ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून हे. एकच पोटरी सुजली, दुखली, तर चोळू नका, दाखवा.

बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत सोडा. पाणी कमी पडलं की शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं, टाके दुखतात. पोटपट्टा चालताना आधाराला चालतो, करकचून नको. त्याने पिशवी आत जात नाही.

---

नळी_ते_नाळ

राहिलेला प्रश्न: नळ्या पुन्हा बांधता येतात का? येतात. पण पहिल्या वेळेइतकं सरळ नाही.

सिझरच्या वेळी नळ्या फुगलेल्या, रक्ताने भरलेल्या असतात, त्यामुळे रिंग बसवत नाहीत, नळी कापली जाते. जोडाच्या जागी गाठ असते, बऱ्याचदा निळा धागाही दिसतो. नळीखालचा पडदा आधीच्या दोन कामांमुळे आखडलेला असतो, ओढला की रक्त येतं. म्हणून नळी शेवटच्या झालरीपर्यंत (अंडाशयाकडच्या टोकापर्यंत) डोळ्यांनी बघूनच बांधायची. चिकटलेल्या पोटात नळी समजून राउंड लिगामेंट (गर्भपिशवीला धरणारा, नळीसारखा दिसणारा दोर) बांधलं गेलंय, ही चूक जुनी आणि प्रसिद्ध आहे. झालर दिसली तर चूक होत नाही.

दोन पर्याय आहेत: नळीचा तुकडा काढून टोकं बांधणं, किंवा नळी पूर्ण काढणं. अशा व्रण पडलेल्या नळीत मला दुसरा बरा वाटतो. परत भोक पडण्याचा, नळीत गर्भ राहण्याचा प्रश्न संपतो, आणि अंडाशयाच्या काही कर्करोगांचा धोकाही कमी होतो. पण ते परत जोडता येत नाही. नंतर मूल हवं असेल तर आयव्हीएफच (टेस्ट ट्यूब बेबी). फार चिकटलेलं असेल तर सर्जनने हट्टाने नळी काढू नये, अंडाशयाचा रक्तपुरवठा शेजारीच आहे. काढलेले तुकडे तपासणीला पाठवा, तो रिपोर्ट जपून ठेवा.

'जाता जाता नळ्या उघड्या आहेत का बघा' असं सांगू नका. त्या वेळी डाय घालून काही कळत नाही. कुठे चिकटल्यात आणि फुगल्यात का, एवढं नोटमध्ये लिहून घ्या.

बांधायच्या नसतील तर पर्याय बरेच आहेत. सिझरच्याच छेदातून तांबी बसवता येते, कॉपर-टी ३८० ए, १० वर्षांची. छाया गोळी अंगावर पाजतानाही चालते. अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर. नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी तर सगळ्यात हलकं काम, फक्त पहिले तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून घ्यायचं. चौथ्यांदा उघडलेल्या पोटात पाचवं काम वाढवण्यापेक्षा हे का सुचत नाही कुणाला, कोण जाणे.

आणि काहीच केलं नाही तर लक्षात ठेवा, नळ्या उघड्या आहेत. अंगावर पाजते म्हणून निर्धास्त राहू नका. पुढे कधीही पाळी चुकली तर पुन्हा तेच: लगेच चाचणी, दुखत किंवा रक्त जात असेल तर त्याच दिवशी दवाखाना, नाहीतर ६व्या आठवड्यात सोनोग्राफी. एक बाळ पिशवीत राहिलं म्हणून पुढचा गर्भ नळीत अडकणार नाही असं नसतं.

---

शेवंती_०७

सगळ्यांचे आभार. ३९ अधिक १ ठरलंय. शिरेतून लोह परवा. नळ्यांचं मात्र घरात अजून ठरत नाही, बहिणीलाही आत्ता काही बोलायचं नाहीये.

---

ओपीडी_नंतर

मग तसंच लिहून द्या. संमतीपत्रावर नळ्यांचा रकाना रिकामा ठेवू नका. रिकामा रकाना दिसला की टेबलावर पोट उघडं असताना बाहेर नवऱ्याला विचारायला माणूस पाठवतात, आणि उत्तर तो देतो. नसबंदीला कायद्याने नवऱ्याची संमती लागत नाही, तिची लागते. 'या वेळी नळ्या बांधू नयेत, कॉपर-टी बसवू नये' किंवा 'कॉपर-टी बसवावी', जे असेल ते तिच्या सहीने, तारीख घालून. एक प्रत फाइलमध्ये, एक तुमच्याकडे. नंतर ठरलं तर सहा आठवड्यांनी, बाळ अंगावर पिऊन धष्टपुष्ट झाल्यावर, काय करायचं ते करता येतं.